गोलावरची ज्वाला

खंडेनवमीला प्रयोगशाळेत नक्की काय पुजायचं, यावर दरवर्षी वाद व्हायचा. इचलकरंजीत घरोघरी माग पुजतात, धोटा पुजतात, सुताला खळ लावणारे सायझिंगवाले बॉयलरला हार घालतात. रसायन-तपासणी केंद्रातली यंत्रं मात्र इतकी नाजूक, की हळदकुंकवाचं बोट लागलं तरी कंपनीचा माणूस बोलवावा लागे. म्हणून केंद्रप्रमुख उपाध्ये सरांनी नियम करून टाकला होता: यंत्रांना लांबूनच नमस्कार, पूजा टेबलावर मांडायची आणि टेबलावर काय मांडायचं ते ऋजुताने ठरवायचं.

ऋजुता सातपुते कोष्ट्यांच्या घरातली. डॉक्टरेट झाली, केंद्राची मुख्य तपासनीस झाली, पण खंडेनवमी तिच्यात लहानपणापासून मुरलेली. तिने पाटावर चिमटे मांडले, तापवायची निक्रोमची तार मांडली आणि मधोमध सेल्युलोजच्या पांढऱ्या पुडीची काचेची बरणी ठेवली. सेल्युलोज म्हणजे कापूसच, फक्त शाळा शिकलेला, असं ती म्हणायची. बरणीचं झाकण काढून तिने काठावर झेंडूचं फूल ठेवलं आणि फुलानेच सगळ्यावर पाणी शिंपडलं.

“मॅडम, झाकण लावू का?” तिची सहकारी स्नेहल पट्टणशेट्टी म्हणाली. “परतीचा पाऊस बघा कसा लागलाय. सगळी दमट हवा आत जाईल.”

“पूजेत मांडलेली वस्तू हलवायची नसते. दसरा होऊ दे.”

“मग परत वाळवावं लागणार.”

“वाळवू की. कुठं पळून जातंय?”

केंद्राचं काम सोपं करून सांगायचं तर असं: नवीन रसायन बाजारात येण्याआधी ते कुठे आणि कसं घातक ठरेल ते शोधायचं. पूर्वी त्यासाठी उंदीर लागत, मासे लागत आणि वर्षानुवर्षं लागत. आता रेणूची आकृती यंत्राला दिली की तो डोळ्यांत गेला तर काय, नदीत गेला तर काय, ट्रकमध्ये तापला तर काय, हे यंत्र चहा गार व्हायच्या आत सांगे. केंद्रातली मंडळी त्याला ‘पंचांग’ म्हणत. पंचांग सहसा चुकत नसे, पण एका प्रश्नावर ते हात वर करी.

तो प्रश्न ऑक्सिजनचा. काहीही जळायला ऑक्सिजन लागतो आणि तो बहुधा हवेतून येतो. म्हणून तर पेटलेल्या कढईवर झाकण टाकलं की आग विझते. पण काही पदार्थ ऑक्सिजन आपल्या पोटातच बाळगतात आणि संधी मिळाली की शेजाऱ्याला देऊन टाकतात. ते स्वतः जळतीलच असं नाही, शेजाऱ्याला मात्र जाळतात. त्यांना ऑक्सिडीकारक म्हणतात. त्यांच्या पिंपावर किंवा पोत्यावर एक चिन्ह छापावं लागतं, गोलावर पेटलेली ज्वाला. ते चिन्ह दिसलं की तो माल कापसापासून, लाकडापासून लांब ठेवायचा. आणि तरीही आग लागलीच तर गोणपाट टाकून ती कोंडायला जायचं नाही, भरपूर पाणी मारायचं. हवा तोडून अशी आग विझत नाही, तिची हवा तिच्याजवळच असते.

रेणूतला ऑक्सिजन कार्बनला किंवा हायड्रोजनला घट्ट बांधलेला असला तर पंचांग बेधडक ‘धोका नाही’ म्हणे. तो नायट्रोजनला चिकटलेला असला की पडद्यावर यायचं: सांगता येत नाही, जाळून पाहा. मग माणसांनी जुन्या पद्धतीने जाळून पाहायचं.

त्या वर्षी पंचांगाने हात वर केले ते ‘निर्जला’ नावाच्या निळ्या रंगासाठी. पुण्यातल्या एका नव्या कंपनीने तो शोधला होता. नावाप्रमाणे त्याला पाणी लागत नसे. कापडावर कोरडी पूड फिरवायची आणि कापड कोमट रुळांमधून काढायचं. रेणूतल्या नायट्रोजनला सैलसर चिकटलेला ऑक्सिजन त्या उबेने सुटायचा आणि रंगाला कापसाच्या धाग्याशी कायमचा जोडून टाकायचा. धुणं नाही, सांडपाणी नाही, पंचगंगेत जाणारी काळी-निळी धार नाही.

आणि गावाला हा रंग हवाच होता. नदीच्या खटल्यात निकाल लागला होता: दिवाळीपासून रंगकामाला पाण्याचा थेंब मिळणार नाही. गल्लीबोळातल्या डाइंगवाल्यांना निर्जला हा एकच आधार उरला होता. पण त्याच्या पोत्यावर गोलावरची ज्वाला आली, तर तो कापसाजवळ ठेवता येणार नव्हता. गल्लीतल्या डाइंगमध्ये कापसापासून लांब अशी जागाच नसते. मग तो फक्त गावाबाहेरच्या, स्वतंत्र गोदामवाल्या मोठ्या कंपन्यांनाच वापरता आला असता.

या गल्लीबोळातल्यांपैकीच एक ऋजुताचा भाऊ होता.

*

दसऱ्याला ती भावाकडे गेली. तिने लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, त्यामुळे निरंजनदादा आणि शैलावैनीचं घर हेच तिचं घर. खाली डाइंग, वर राहणं. भिंतीला भिंत लागून दस्तगीर मुजावरांचं डाइंग. दादा आणि दस्तगीरभाई बालवाडीपासूनचे मित्र. वडील गेले तेव्हा दादा कितीतरी दिवस खाली उतरलाच नव्हता, तेव्हा दस्तगीरभाईंनी आपलं सांभाळून दादाचंही डाइंग चालवलं होतं. ईदचा शिरखुर्मा या घरात आधी यायचा आणि दिवाळीची करंजी त्या घरात.

आपट्याची पानं देऊन झाल्यावर दादा म्हणाला, “ऋजू, तुझ्याकडंच आलंय म्हणं निर्जलाचं.”

“आलंय.”

“काय होईल?”

“जाळल्याशिवाय कसं सांगू, दादा?”

“मी काय खोटं लिही म्हणालोय का? खरं असंल ते लिही. फक्त लौकर लिही बाई. इथं जीव टांगणीला लागलाय.”

दस्तगीरभाई सोनं द्यायला आले होते. ते हसून म्हणाले, “आरं, मॅडमला बी सणाला सुट्टी दे की. देवी चौंडेश्वरी आणि आमचा पीर, दोघं मिळून बघतील.”

शैलावैनीने ऋजुताच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली, आणि त्या पोळीचंच ऋजुताला जास्त ओझं वाटलं.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्नेहल रजेवर होती. ऋजुताने पूजा उचलली, झेंडूचं फूल कुंडीत टाकलं आणि बरणीला झाकण लावलं. आता पूड भट्टीत घालून वाळवायची आणि कोरड्या पात्रात गार करायची, म्हणजे दिवस गेलाच. तेवढ्यात दादाचा फोन आला. पाणी तोडायची नोटीस दारावर चिकटवून गेले होते.

“वैनी सकाळपासनं जेवली न्हाई,” तो म्हणाला. एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

चाचणी अशी असते. रंग आणि कोरडं सेल्युलोज एकत्र मिसळायचं, एकदा चारास एक आणि एकदा समसमान. नरसाळ्यातून त्या मिश्रणाचा छोटा ढीग घालायचा, खाली तापती तार, आणि तो किती वेळात जळतो ते मोजायचं. बाजूला मापासाठी ब्रोमेट या माहीत असलेल्या ऑक्सिडीकारकाचं ठरावीक मिश्रण जाळलेलं असतं. रंगाचा ढीग त्या मापाइतका किंवा त्याहून भरभर जळला तर ऑक्सिडीकारक, सावकाश जळला तर नाही. मापाचे ढीग स्नेहलने खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच जाळून ठेवले होते, खडखडीत वाळलेल्या सेल्युलोजने.

ऋजुताने बरणीतली पूड वाळवली नाही. तशीच घेतली.

दोनच रात्री तर उघडी होती, कितीसा दमटपणा येणार, असं तिने स्वतःला सांगितलं. जे माणूस स्वतःला सांगतो ते त्याला लगेच पटतं. पहिला ढीग पेटला, ज्वाला थोडी चढली, मग अडखळली आणि धुमसत राहिली. धूर ओढून घेणाऱ्या कपाटाच्या काचेवर बाष्पाचा पातळ थर धरला. काच तिने पाहिली. रुमालाने पुसली. पुढचा ढीग लावला, त्याच्या पुढचाही. सगळे मापापेक्षा रेंगाळत जळले.

स्नेहल रजेवरून परत आली तेव्हा निकाल पाहून खूश झाली. तिचे चुलतेही डाइंगवालेच. “चला, गाव वाचलं,” ती म्हणाली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, “सेल्युलोज वाळवलं होतं ना, मॅडम?”

“वाळवलेलंच आहे की ते,” ऋजुता म्हणाली.

हे खोटं नव्हतं. गेल्या आठवड्यात वाळवलेलंच होतं. ऋजुताला हे उत्तर सुचलं तेव्हाच तिला स्वतःची लाज वाटली, पण ती लाज तिने पुढच्या कामाखाली ढकलून दिली. निर्जलाच्या पोत्यांवर कुठलंही चिन्ह आलं नाही.

*

त्या हिवाळ्यात इचलकरंजीत लोक नदी बघायला जाऊ लागले. घाटाच्या पायरीवर उभं राहून खालची वाळू दिसतेय का ते पाहायचे, आणि दिसली नाही तरी दिसली म्हणायचे. गल्लीगल्लीत निळं कापड निघू लागलं. डाइंगवाल्यांच्या संघटनेने ऋजुताचा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा, आणि भाषणात कुणीतरी म्हणालं की आपल्या लेकीने आपल्याला तारलं. टाळ्या वाजत होत्या आणि ऋजुता त्या फेट्याखाली घामाने भिजत होती. समोर पहिल्या रांगेत दादा आणि दस्तगीरभाई एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसले होते.

घरी आल्यावर तिने नारळ फोडला नाही. रोज केंद्रात जायची, नवी रसायनं तपासायची आणि प्रत्येक वेळी सेल्युलोज भट्टीत घातल्यावर दोनदा, तीनदा जाऊन बघायची. स्नेहल चेष्टा करायची, “मॅडम, बाळ झोपवल्यासारखं काय बघताय त्याच्याकडं?” ऋजुता हसायची. आपण पुन्हा एकदा चाचणी का करत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. केली तर कळेल. न केल्यास नुसती शंका, आणि शंकेला कुणी तुरुंगात टाकत नाही.

मग उन्हाळा लागला. शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात ती दादाकडे जेवायला गेली. शैलावैनी पोळ्या लाटता लाटता सांगत होती.

“आगं, परवा गंमतच झाली. खालचं सगळं तूस झाडून काढलं, कापसाचं, आणि अंगणात काडी लावली. नेहमी कसं, धुमसत बसतंय दुपारपतूर. तर परवा भस्सकन पेटलं! असं पांढरंफेक! माझ्या पदराजवळनं गेलं बघ. मी म्हटलं, आमचा शिमगा आधीच झाला.”

ती हसत होती. दादाही हसला. तुसामध्ये निर्जलाची सांडलेली पूड असणार हे ऋजुताला सांगायची गरज नव्हती. रंग आणि सेल्युलोज. तिची सगळी चाचणी वैनीने केरसुणीने झाडून अंगणात मांडली होती, आणि यावेळी सेल्युलोज मार्चच्या उन्हात वाळलेलं होतं.

तिने पोळी अर्धी टाकून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने केंद्रात सेल्युलोज नीट वाळवलं, गार केलं, मापाचे ढीग नव्याने जाळले आणि मग निर्जलाचा ढीग लावला. तार लाल होताच ज्वाला वरपर्यंत गेली आणि संपली. मापाच्या ढिगाला लागला त्याच्या निम्मासुद्धा वेळ लागला नाही. तिने आणखी एक लावला. मग आणखी. कुठेतरी एखादा ढीग रेंगाळेल म्हणून ती वाट बघत राहिली, आणि एकही रेंगाळला नाही.

*

इशारा पाठवायला एक बटण दाबायचं होतं. ते दाबलं की देशभरच्या प्रत्येक निर्जला वापरणाऱ्याच्या फोनवर लाल सूचना वाजली असती: साठा कापसापासून दूर करा, वापर थांबवा. शनिवारी सकाळी ऋजुता ती सूचना लिहायला बसली. सगळी लिहिली. मग फोन पिशवीत टाकला आणि दादाकडे गेली.

का गेली, याचं उत्तर तिने वाटेतच तयार ठेवलं होतं. सूचना आली की तपासणीवाले येणार, ज्याच्याकडे साठा सापडेल त्याच्या डाइंगला सील लागणार. दादाला निदान एक दिवस मिळायला हवा. आपल्या माणसाला आधी सांगायचं असतं. लग्नाची पत्रिका असो की मरणाची बातमी, आधी घरच्यांना, मग गावाला, हीच रीत.

दादा खुर्चीत बसून ऐकत होता.

“म्हंजे आता चुकीचं निघालं तवाचं?”

“हो. माझी चूक. पूड ओली होती.”

“कुणाला सांगितलंस?”

“अजून कुणालाच नाही. तुला पहिल्यांदा.” तिचा आवाज फुटला. “दादा, उद्या रविवार आहे. उद्याच्या दिवसात सगळा रंग इथून हलव. वैनीला खाली पाय टाकू देऊ नको. सोमवारी सकाळी मी सूचना पाठवते.”

“हलवू कुठं?”

“गावाबाहेर. मोकळ्या रानात. कुठंही, पण इथून रिकामं कर.”

दादाने मान डोलावली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, घरी येताना तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हलकं वाटलं. रविवारी तिने दादाला फोन केला नाही, कारण फोन केला असता तर त्याने कुठे हलवलं हे विचारावं लागलं असतं. दिवसभर घर आवरलं, पडदे धुतले, आणि सोमवारी केंद्रात पोहोचताच बटण दाबलं.

सूचना गेली आणि पाठोपाठ स्नेहल धापा टाकत आत आली. “मॅडम, तुम्ही आत्ता पाठवलीत ना? काल रात्रीच आग लागली. तुमच्या दादांच्या शेजारी, मुजावरांच्या डाइंगमध्ये.”

*

काय झालं ते गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. रविवारी रात्री दस्तगीरभाई रूळ चालवत होते, मोटरच्या बटणात ठिणगी पडली. ठिणग्या नेहमीच पडतात. तिथल्या तुसाने पेट घेतला. दस्तगीरभाईंनी तेच केलं जे आयुष्यभर करत आले होते: गोणपाट ओढलं, आगीवर टाकलं आणि वर स्वतः दाबून धरलं. गोणपाटाखाली आग विझायला हवी होती. ती आतल्या आत वाढली आणि गोणपाटासकट त्यांच्या हातांवर, छातीवर आली. पाण्याचं पिंप दारातच होतं. गोलावरची ज्वाला कुठे छापलेली असती तर त्यांनी ते ओतलं असतं.

त्यांना मिरजेला हलवलं होतं.

दादा घरी होता. त्याच्या डाइंगमध्ये निर्जलाचं एकही पोतं नव्हतं. फरशी धुतलेली होती.

“रंग कुठं नेलास?” ऋजुताने विचारलं.

दादाने केरसुणी उचलून कोपऱ्यात ठेवली.

“दादा, रंग कुठं नेलास?”

“दस्तगीरचा संपला होता. कालच मागत होता.”

“त्याला सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर घेतला असता का?” दादा एकदम ओरडला, आणि मग त्याचा आवाज बसला. “मला वाटलं एकच दिवस. सोमवारी तुझी सूचना आली की त्याचा बी जाईल परत कंपनीला. नुकसानभरपाई मिळंल. कुणाला काय होतंय एका दिवसात? तूच म्हणालीस ऋजू. कुठंही, पण रिकामं कर म्हणालीस.”

ती म्हणाली होती. शब्द तिचेच होते. वैनी दारात उभी राहून रडत होती आणि दोघांपैकी कुणाकडे बघावं हे तिला कळत नव्हतं.

“चौकशीत मी सांगेन की मला काय माहीतच नव्हतं,” दादा म्हणाला. “शेजाऱ्यानं रंग मागितला, दिला. तू तेवढं शनिवारचं नको काढू. तुझी चूक तू सांग, त्याला मी काय म्हणत न्हाई. पण मला त्याच्यासमोर उभं राहायचंय गं. जन्मभर शेजारी राहायचंय.”

तिथून ऋजुता केंद्रात परत गेली, तर उपाध्ये सर तिची वाट बघत होते. सूचना गेल्यापासून अनेक गावांतून फोन आले होते. भिवंडीत, मालेगावात, सोलापुरात लोकांनी पोती बाहेर काढली होती. “आपली चूक आपणच शोधून जाहीर करणं, याला धैर्य लागतं,” सर म्हणाले. “किती जीव वाचवलेस तू, तुला कल्पना नाही.”

ऋजुताने त्यांना मधेच थांबवलं आणि चाचणीचं सगळं सांगितलं: ओली पूड, पुसलेली काच, स्नेहलला दिलेलं उत्तर. शनिवारचं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. सरांनी चष्मा काढला आणि तिला घरी जायला सांगितलं.

ती मिरजेला गेली.

*

दवाखान्याच्या व्हरांड्यात रेहानाभाभी, दस्तगीरभाईंची बायको, बाकावर बसली होती. ऋजुताला बघताच ती उठली आणि तिने ऋजुताचे दोन्ही हात धरले.

“ताई, तुम्ही आलात. लोक सांगत्यात, तुम्ही सूचना दिली म्हणून बाकीचे वाचले. आमचंच नशीब, एक दिवस मागं पडलं.”

“भाभी, नशीब नाही,” ऋजुता म्हणाली. तिने हात सोडवून घेतले आणि तिथेच, बाकाजवळ उभ्याने, चाचणीचं सगळं सांगितलं. रेहानाभाभी ऐकत राहिली. तिला सेल्युलोज कळलं नसेल, पण चूक कळली. तिने ओरडावं, मारावं असं ऋजुताला वाटत होतं. तिने तसलं काही केलं नाही.

“ते शुद्धीवर आल्यात,” ती म्हणाली. “सकाळपासनं सारखं एकच. माझी चूक, माझी चूक. बटण बदलायला पाहिजे होतं म्हणत्यात, रडत्यात. डॉक्टर म्हणाले रडू नका, तर ऐकत न्हाईत. तुम्ही आत जा आणि त्यांना सांगा. मी सांगणार न्हाई. तुमचं तुम्ही सांगा.”

आत दस्तगीरभाईंचे दोन्ही हात आणि छाती पट्ट्यांत होती. तोंड सुजलं होतं, डोळे मात्र तेच होते. तिला बघून त्यांनी उठायची धडपड केली.

“मॅडम, माफ करा,” ते म्हणाले. “तुमचा रंग चांगला होता. माझ्यामुळं नाव खराब झालं. बटण जुनं होतं माझं.”

“दस्तगीरभाई, चूक तुमची नाही.”

“मग कुणाची?”

“माझी. रंग चांगला नव्हता. मी नीट तपासला नाही आणि चांगला म्हणून लिहिला. तुमच्या बटणात काही नव्हतं, गोणपाटातही नव्हतं. तुम्ही बरोबर केलंत. पोत्यावर खूण असायला पाहिजे होती, ती माझ्यामुळे नव्हती.”

ते छताकडे बघत राहिले. बाजूच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. मोठा श्वास घेतला की त्यांना छातीत दुखत असावं, ते जपून श्वास घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, हे ऋजुताला दिसलं, आणि आता एवढं पुरे, आता उठावं, असं तिला वाटलं. तिने खुर्ची मागे सरकवली.

“मॅडम,” दस्तगीरभाई म्हणाले. “तुम्हाला कधी कळलं? रंग वाईट हाय म्हणून.”

“शुक्रवारी.”

“आणि निरंजनला?”

ऋजुताने खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

“त्यानं रविवारी सकाळी स्वतः पोती आणून टाकली,” ते हळूहळू म्हणाले. “मी म्हटलं एकच दे, तर म्हणाला सगळीच ठेव, तुझ्याकडं काय आणि माझ्याकडं काय. मला लई बरं वाटलं. मी रेहानाला म्हटलं, बघ, दोस्त असावा तर असा.” त्यांनी मान तिच्याकडे वळवली. “त्याला माहीत होतं का?”

नाही म्हटलं असतं तर दादाला शेजार राहिला असता. या माणसालाही एक मित्र राहिला असता, आणि त्याला आत्ता मित्राची जेवढी गरज होती तेवढी कुणाचीच नव्हती. ऋजुताला ते सगळं दिसत होतं. शैलावैनीचा चेहराही दिसत होता, आणि आता त्या घरी आपल्याला कुणी जेवायला बोलावणार नाही हेही.

“हो,” ती म्हणाली. “मी शनिवारी त्याला सांगितलं होतं. त्याला एकट्याला.”

दस्तगीरभाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी बाहेर रेहानाभाभीला हाक मारली.

“यांना जाऊ दे आता,” ते म्हणाले. “आणि निरंजनला फोन लाव. तो आला न्हाई अजून. ये म्हणावं.”